वाघ म्हटले तरी, वाघोबा म्हटले तरी

वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ज्याचा स्वभावच घात करण्याचा, त्याच्याशी आर्जवाने वागून काही लाभ नाही, असा तिचा अर्थ. शासकीय सेवेच्या तेहतीस वर्षांत आम्ही ती वरिष्ठांविषयी, ठेकेदारांविषयी आणि प्रसंगी लोकप्रतिनिधींविषयीही मनातल्या मनात वापरली. मात्र ज्या प्राण्यावरून ती निघाली, त्याच्या बाबतीत ती कितपत खरी आहे याचा विचार करण्याची गरज आम्हांस कधी भासली नव्हती. ती वेळ दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, येथेच वासोण्याच्या रस्त्यावर आली.

मार्गशीर्षातील पहाट होती. नेहमीप्रमाणे साडेपाचच्या सुमारास आम्ही फिरावयास निघालो. डोक्याला कानटोपी, हातात वेताची काठी, खिशात विजेरी. पाहुणे आले की आपण त्यांना वासोण्याचे सिंह उद्यान दाखवावयास नेत आलो आहोत. तेथील जाळीच्या गाडीत बसून सिंह पाहताना, येथे पिंजऱ्यात माणूस आहे आणि मोकळा सिंह आहे, हा विनोदही आपण अनेकदा केला आहे. त्या पहाटे मात्र गाडी नव्हती आणि जाळीही नव्हती. रस्त्यालगत सागाची झाडे दाट होतात त्या वळणावर विजेरीच्या प्रकाशात दोन डोळे चमकले. प्रथम कुत्रे वाटले. ते उठून उभे राहिले तेव्हा शेपटीच्या लांबीवरून उलगडा झाला. विसेक पावलांवर बिबट्या होता.

आम्ही धैर्य दाखविले असे लिहिले तर ते असत्य होईल. पळावे असेच मनात आले होते, परंतु गुडघ्यांनी आज्ञा मानली नाही. आम्ही जेथे होतो तेथेच उभे राहिलो. थंडीमुळे घशात अडकलेला खोकला तेवढ्यात बाहेर पडला. त्या आवाजासरशी त्याने मान वळविली, शेताचा बांध ओलांडला आणि तो दिसेनासा झाला. सारे मिळून अर्धे मिनिटही गेले नसेल. घरी आल्यावर मात्र चहाची कपबशी हातात स्थिर राहीना.

पुढे या विषयावरील जे जे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा ध्यानी आले की भीतीने गोठलेल्या आमच्या पायांनी नेमके तेच केले होते, जे जाणकार सांगतात. बिबट्या समोर आला तर पळू नये आणि त्याच्याकडे पाठ करू नये. मांजराच्या कुळातील प्राण्याला पळणारी पाठ दिसली की पाठलागाची उपजत प्रेरणा जागी होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. खाली वाकू नये किंवा बसू नये, कारण ताठ उभा माणूस त्याला भक्ष्यासारखा दिसत नाही, पण वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस चतुष्पादाच्या उंचीचा दिसतो. सोबत लहान मूल असेल तर त्याला लगेच उचलून घ्यावे. हात वर करून आपण मोठे दिसावे, खणखणीत आवाजात बोलावे आणि त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. इतके करूनही त्याने झडप घातलीच, तर मान सांभाळावी आणि हाती लागेल त्या वस्तूने प्रतिकार करावा. निपचित पडून राहू नये.

या सूचना वाचताना आम्हांस त्यांत केवळ सुरक्षिततेचे नियम दिसले नाहीत. पळू नको आणि पाठलागही करू नको, घाबरू नको आणि घाबरवूही नको, एवढेच त्या सांगतात. हे ज्याला बिबट्यासमोर साधेल त्याला ते सभेत, कचेरीत आणि घरातही साधेल. पण ते साधणे किती कठीण आहे, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून जाणतो. तो अनुभव सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

त्या दिवशी आम्ही कोणालाही काही सांगितले नाही, सौ.लादेखील नाही. दोन दिवस तोंड मिटून बसलो आणि त्या दोन दिवसांत मनात एकच प्रश्न घोळत राहिला. सांगावे तर गर्दी जमणार, काठ्या-दगड निघणार, पिंजऱ्याची मागणी होणार. न सांगावे आणि उद्या एखाद्या मुलाला इजा झाली, तर त्या रक्ताचा डाग आमच्या मौनावर पडणार. कोणी म्हणेल, यात विचार कसला करावयाचा? तत्काळ वन खात्याला कळवावे आणि मोकळे व्हावे. परंतु मोकळे होण्याचा हा मार्ग आम्ही एकदा चोखाळला होता.

२००२ साली आम्ही महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्यात महसूल खात्यात कामावर होतो. एका वाडीवर बिबट्याने लागोपाठ शेळ्या नेल्या. माणसाला इजा झाली नव्हती, पण कचेरीवर मोर्चा आला, घोषणा झाल्या, दूरध्वनी खणखणू लागले. बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडावा, अशी जोरदार शिफारस करणारे पत्र गेले. त्यावर सही आमची होती. पिंजऱ्यात शेळी बांधली गेली आणि चौथ्या रात्री बिबट्या अडकला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा शेकडो माणसे जमली होती. गजांतून काठ्या खुपसल्या जात होत्या. तो प्राणी गजांवर डोके आपटून रक्तबंबाळ झाला होता. आम्ही लोकांना मागे सारले, एवढेच काय ते आमच्या खात्यावर जमा. गाडी निघताना तिच्यापुढे नारळ फोडला गेला. पंधरा दिवसांनी गावाने आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि तो आम्ही स्वीकारला.

काही महिन्यांनी, ज्या डोंगराळ भागात तो बिबट्या सोडला होता त्या बाजूला नेमणुकीवर असलेले एक स्नेही भेटले. तेथील एका पाड्यावरून तिन्हीसांजेला सात वर्षांचा मुलगा उचलला गेल्याचे त्यांनी सांगितले. तो बिबट्या आम्ही पाठविलेला होता की दुसरा, हे कोणीही सांगू शकणार नाही. आम्हीही स्वतःला दोषी ठरविण्याची घाई करीत नाही. पण एक गोष्ट त्या दिवशी लखलखीत दिसली. आमच्या तालुक्यातील लोक मोर्चा आणू शकत होते. त्या पाड्यावरचे लोक आणू शकत नव्हते. ज्यांना तक्रार करता येते त्यांच्या दारातले संकट उचलून, ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्या दारात आम्ही नेऊन ठेवले होते, आणि त्यालाच आम्ही प्रश्नाचे निराकरण म्हणत होतो. ती शाल अजून कपाटात आहे. ती आम्ही कधी पांघरली नाही.

याच काळात जुन्नर वनविभागात जे घडले त्याचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. २००१ पासून तेथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. असे २९ बिबटे हलविले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. नंतर ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. कारण उलगडणे फारसे अवघड नाही. बिबट्या आपल्या प्रदेशात पाणवठे, वाटा, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा ओळखून असतो व त्यांना चुकवून जगतो. त्याला अनोळखी मुलखात सोडले की हे सारे ज्ञान निरुपयोगी होते. पकडले जाण्याचा आघात, जखमा आणि घराकडे परतण्याची ओढ यांची त्यात भर पडते. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. २०११ मध्ये केंद्र शासनाने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही असे स्थलांतर टाळण्यावर भर दिला गेला. आमचे पत्र त्याच्या नऊ वर्षे आधीचे. आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. परंतु ठाऊक करून घेण्याचीही तसदी आम्ही घेतली नव्हती.

याच्या नेमके उलट चित्र अकोले तालुक्यात दिसले. तेथील शेतीच्या खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. जंगल म्हणावे असे तेथे जवळ काही नव्हते. होता तो ऊस. अभ्यासाच्या काळात तेथे बिबट्याने माणूस मारल्याची घटना घडली नाही. त्यांच्या आहाराची तपासणी झाली, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आपण उकिरडे वाढवितो, उकिरड्यांवर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमंत्रण आपलेच असते. पाहुणा आला म्हणजे आपण दचकतो.

‘आजोबा’ नावाचा बिबट्या आपणांपैकी अनेकांना त्याच नावाच्या २०१४ सालच्या मराठी चित्रपटामुळे ठाऊक असेल. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील एका विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले होते. तो शंभर किलोमीटरहून अधिक अंतर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत शेते, वस्त्या, रस्ते, लोहमार्ग सारे लागले. त्याने कोणाला दुखापत केली नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. भिलाडहून मुंबईला जाताना आपण जो रस्ता धरतो, तोच हा. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना आम्हांस आपल्या म्हणीची आठवण होते आणि ती उलटीही म्हणता येईल असे वाटते.

हा अनुभव आपल्याच मुलखापुरता आहे असे नाही. आमचा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये असतो. तेथील डोंगरवाटांवर प्यूमाविषयी, म्हणजे ज्याला तिकडे माउंटन लायन किंवा कूगर म्हणतात त्याच्याविषयी, पाट्या लावलेल्या असतात. पळू नका, मोठे दिसा, मुलांना उचलून घ्या, त्याला वाट द्या, हल्ला केला तर लढा. समुद्रापलीकडचे जनावर वेगळे, सूचना जवळजवळ तीच. वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी २०१३ मध्ये असेही मांडले की जेथे प्यूमांची शिकार अधिक झाली, तेथे पुढच्या वर्षी तक्रारी कमी न होता वाढल्या. प्रौढ नर मारले गेले की त्यांच्या जागी अननुभवी तरुण नर येतात. जाणता शेजारी घालवून उनाड शेजारी आणण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे सहजीवनाचे गोडवे पक्क्या घरात राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला शोभतात. हा आक्षेप आम्ही डोळ्यांआड करू इच्छित नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी महामार्ग रोखला, वन खात्याचे वाहन पेटविले, आणि अखेर नेमबाजांकरवी बिबट्याला ठार करण्यात आले. ज्या आईचे मूल गेले तिला अकोल्याची आकडेवारी ऐकविणे ही क्रूरता आहे. जो बिबट्या माणसावर वारंवार हल्ला करतो त्याला हटविलेच पाहिजे, प्रसंगी ठारही केले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही त्याची तरतूद आहे. अपराध करणाऱ्याला आवरणे हा न्याय होय. प्रश्न उरतो तो ज्याने काही केलेले नाही, केवळ जो दिसला, त्याचा.

आणि त्याहून मोठा प्रश्न असा की या सहजीवनाची किंमत कोण मोजतो? हल्ल्यांच्या हकिगती बारकाईने पाहाव्यात. पहाटे शौचास उघड्यावर बसावे लागणारी बाई, उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपलेले ऊसतोड मजुराचे मूल, रात्रीच वीज मिळते म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यावयास गेलेला शेतकरी. बिबट्या आणि माणूस यांच्या संघर्षाचे हे वर्णन आम्हांस अपुरे वाटते. शौचालय, दिव्याचा खांब आणि दिवसाची वीज यांच्या अभावाचे ते वर्णन आहे. आम्ही ज्या खुर्चीवर होतो तेथून यांतल्या निदान दोन गोष्टींसाठी पत्रे लिहिता आली असती. पिंजऱ्याचे पत्र लिहिणे सोपे होते. त्याचे फळ चार दिवसांत दिसले आणि त्याला शाल मिळाली.

आता पुन्हा वासोण्याकडे वळू. तिसऱ्या दिवशी आम्ही मौन सोडले. प्रथम सौ.ला सांगितले आणि पुरेशी बोलणी खाल्ली. वन कार्यालयात साध्या शब्दांत लेखी कळविले. मागणी काही केली नाही. मग रस्त्यापलीकडच्या पाड्यावर गेलो. तेथील एका वृद्ध वारली गृहस्थांनी आमचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की भातकापणीपासून तो या बाजूला आहे, हे त्यांना ठाऊक आहे. दोन कुत्री गेली. शेळ्या आता घरात बांधतात, मुलांना अंधारात एकटे सोडत नाहीत. मग त्यांनी बोटाने टेकाडाकडे दाखविले. तेथे शेंदूर लावलेली लाकडी फळी होती. तिच्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले. वाघदेव.

आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरांतून वसुबारस होते. आपण गाय-वासराची पूजा करतो, बायका उपास करतात. त्याच दिवशी डोंगरातल्या पाड्यांवर वाघबारस असते. एका तिथीला एकजण गाय पुजतो आणि दुसरा, त्या गाईला खाऊ शकणारा वाघ पुजतो. आपली कुटुंबे या भूमीत येऊन स्थिरावल्याला आता पन्नास-साठ वर्षे होऊन गेली, पण या दोन बारशी एकाच दिवशी येतात हे आमच्या तरी तोवर लक्षात आले नव्हते. मुंबई, ठाणे, पालघर या भागांतील वाघोबाच्या दीडशेहून अधिक स्थानांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वाघोबाला पुजणारा वारली वाघाला भीत नाही किंवा त्याच्या शेळ्या वाघ नेत नाही, असे मुळीच नाही. तो भितो, त्याचे नुकसानही होते. पण ज्याचे नाव घेतले, ज्याला वर्षातून एक दिवस दिला, त्याच्याविषयीचा राग सीमेबाहेर जात नाही. वाघोबा म्हटल्याने वाघ बदलत नाही हे म्हणीचे म्हणणे खरे आहे. बदलतो तो म्हणणारा. तो रात्री शेळी आत बांधतो आणि सकाळी गर्दी करीत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे गुण दिले आहेत, त्यांत पहिला मान अभयाचा आहे. आम्ही आयुष्यभर त्याचा अर्थ स्वतःची निर्भयता एवढाच घेतला. बाराव्या अध्यायात मात्र, ज्याच्यापासून लोकांना त्रास नाही आणि लोकांपासून ज्याला त्रास नाही, अशी जोडी सांगितली आहे. त्यावरून वाटते की अभय दोन्ही बाजूंनी वाहते. आपले भय दुसऱ्याच्या अंगणात टाकून जे मिळते त्याला फार तर सुटका म्हणता येईल. २००२ साली आम्ही लोकांना सुटका दिली आणि तिला अभय समजलो.

आमच्या वसाहतीची बैठक भरली तेव्हा अपेक्षेप्रमाणे पिंजऱ्याची मागणी झाली. तेथे आम्ही त्या पत्राची, सत्काराची आणि त्या मुलाची हकीकत प्रथमच सांगितली. सर्वांना ती पटली असे नाही. एका तरुण आईने विचारले, “काका, उद्या माझ्या मुलाला काही झाले तर?” तिला देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. पण त्या बैठकीत मागच्या गल्लीत दिवे लावण्याचे, कोपऱ्यावरचा उकिरडा हलविण्याचे आणि तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे न पाठविण्याचे ठरले. पाड्याच्या रस्त्यावरही दोन दिवे मिळावेत म्हणून अर्ज केला. त्या अर्जाच्या खाली पुन्हा आमची सही आहे. दिवे लागावयास सात महिने लागले. कोणी शाल दिली नाही.

बिबट्या आम्हांस पुन्हा दिसलेला नाही. तो असेल, असे धरून आम्ही चालतो. फिरण्याची वेळ उजाडल्यानंतरची केली आहे, आणि सागाच्या त्या वळणावर आलो की काठी आपटीत, मोठ्याने काहीतरी बोलत पुढे जातो. म्हातारपणी एकट्याने बडबडण्याची सवय लागली, असे सौ. म्हणतात. लागली आहे खरी.